एकाच कामाचं यंत्र

मंचेरियालहून आसिफाबादमार्गे चंद्रपूरकडे जाणारा रस्ता तेलंगण सोडता सोडता वांकिडी मंडलातून जातो आणि हद्द ओलांडताच राजुरा तालुका लागतो. १९५६ पर्यंत ही हद्दच नव्हती. राजुरा आणि वांकिडी, दोन्ही हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होती. राज्य पुनर्रचनेत राजुरा मराठी मुलखाकडे आला आणि वांकिडी आंध्र प्रदेशात गेली. २०१४ साली तेलंगण झालं. २०१६ च्या ऑक्टोबरात आदिलाबादचेही चार जिल्हे झाले आणि वांकिडी कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आली. एवढ्या फेरफारांनंतरही इथली बोलणी तीच राहिली: मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, थोडी उर्दू. सोयरिकी हद्द पाहून होत नाहीत. जवळच्याच जिवती-केरामेरीच्या डोंगराळ भागात तर काही गावांची नावं आजही दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत आहेत.

अशा गावात शाळेच्या व्हरांड्यात किंवा ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक वाचन-कियोस्क मांडायचा असेल, आणि त्यासाठी फारसा नवा पैसा न घालता कपाटामागे पडलेला जुना संगणक वापरायचा असेल, तर ते कसं करावं, हे मला इथे सांगायचं आहे. कियोस्क म्हणजे बँकेतल्या पासबुक छापणाऱ्या यंत्रासारखी वस्तू. माणूस समोर उभा राहतो, त्याला हवं ते पाहतो आणि निघतो. मागे काही उरत नाही, पुढच्या माणसाला ते यंत्र पुन्हा कोरंच मिळतं. जुन्या संगणकावर हलकं लिनक्स घालून असं यंत्र करता येतं ही गोष्ट संगणकवाल्यांना वीस-पंचवीस वर्षांपासून ठाऊक आहे. गावात मांडलेले कियोस्क बंद का पडतात, याबद्दल मात्र फार कमी लिहिलं गेलं आहे. म्हणून आधी ते.

*

१९९८ साली वारणेच्या खोऱ्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कार्यगटाने पुढाकार घेतला, राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तांत्रिक काम उचललं, आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी संस्थांनी जागा, माणसं आणि सभासद दिले. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं संगणकांनी जोडायची, त्यासाठी गावोगाव कियोस्क मांडायचे आणि तिथून शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, जमिनीची कागदपत्रं, शिक्षणाची माहिती, सगळं द्यायचं, अशी ती कल्पना होती. ‘वायर्ड व्हिलेज’ हे नाव त्या काळी वर्तमानपत्रांतून गाजलं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन केंद्रातले लोक तिथे गेले तेव्हा त्यांना दिसलं, की शेतकरी कियोस्कवर येतात ते मुख्यतः एकाच कामासाठी: आपला ऊस किती गेला, वजन किती भरलं, खताची उचल किती झाली, पावती कुठे आहे. बाकीच्या आश्वासनांपैकी फारसं काही मूळ धरून नव्हतं. आणि या एका कामासाठी प्रत्येक गावात आख्खा संगणक, मोडेम, विजेची सोय आणि दुरुस्ती सांभाळावी लागत होती. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि तीच माहिती लघुसंदेशाने दिली. ते चाललं, शेतकऱ्यांना आवडलं, आणि खर्चही कमी झाला. २००७ मध्ये त्यांनी याचा वृत्तान्त छापला.

ग्रामीण कियोस्क फसतात याचा पुरावा म्हणून वारणेकडे बोट दाखवलं जातं. मला ते वाचन अपुरं वाटतं. वारणेत एक काम टिकलं, नीट टिकलं, आणि ते लोकांच्या रोजच्या हिशेबाशी बांधलेलं होतं. जी दहा कामं ‘उपयोगी पडतील’ म्हणून वरून घातली होती ती गळाली. कियोस्क मांडणाऱ्याने हा धडा भिंतीवर लिहून ठेवावा: यंत्राला काम एकच द्यायचं, आणि ते फोनवर नीट होत असेल तर यंत्र मांडायचंच नाही.

फोनचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. आज वांकिडीतल्या बहुतेक घरांत स्मार्टफोन आहे. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ हे ॲप आणलं. नोंदणी आणि विक्रीची वेळ ठरवणं, दोन्ही त्यावरच. कापसाच्या या पट्ट्यात ते फोनवरच होणार, आणि तिथेच व्हावं. दाखले आणि उतारे यांच्यासाठी इकडे मी-सेवा केंद्रं आहेत, पलीकडे आपले सरकार. त्यांच्याशी स्पर्धा करणारा कियोस्क कुणालाच नको आहे.

मग उरतं काय? मोठा पडदा उरतो, आणि त्यासमोर तिघा-चौघांनी मिळून वाचणं. मोबाइलचा डेटा न खर्चता वाचता येणं उरतं. घरात एकच फोन असेल आणि तो वडलांबरोबर शेतात गेला असेल, तेव्हा सातवीतल्या मुलीला दुपारी चार वाजता उघडून बसता येईल अशी जागा उरते. पाठ्यपुस्तकं, विश्वकोश, नकाशे, गोष्टी, आणि तेही तिच्या भाषेत. एवढं एकच काम या यंत्राला द्यावं असं माझं मत आहे.

*

संगणक जुना होतो म्हणजे काय होतं? बहुतेक वेळा त्याच्या आतलं काहीच झिजलेलं नसतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. म्हणजे काल दुपारपर्यंत हिशेब आणि पत्रं करणारं यंत्र आज अधिकृतपणे निकामी. कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज मांडला होता, की या एका निर्णयामुळे जगात सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात.

भारतातल्या मराठी-कोंकणी पट्ट्यात याचं उत्तर एकदा शोधलं गेलं आहे, तेही पंचवीस वर्षांमागे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशातल्या गोवेकरांनी ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ चालवला. डॅरिल मार्टिरिस त्यात पुढे होते. अमेरिकेत कार्यालयं जे संगणक बदलून टाकत होती ते गोळा करून, कंटेनरमध्ये भरून गोव्याच्या शाळांसाठी पाठवायचे, अशी ती योजना. यंत्रं आली. पण त्यांवर विंडोजचे परवाने विकत घ्यायचे म्हटलं तर फुकट आलेल्या यंत्रापेक्षा आज्ञावलीच महाग. म्हणून रेड हॅट लिनक्स घातलं गेलं. फ्रेडरिक नरोन्हा यांच्यासारखे गोव्यातले पत्रकार आणि तिथला लिनक्स वापरणाऱ्यांचा गट यांनी हा विषय चर्चेत ठेवला. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, अमेरिकेत जिम मॅकक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्प सुरू केला होता. एक बरा संगणक सर्व्हर म्हणून ठेवायचा आणि जुने संगणक नुसते पडदे म्हणून त्याला जोडायचे. जगभरच्या शाळांनी ही युक्ती उचलली. केरळने तर पुढे सरकारी शाळांतलं सगळं संगणक-शिक्षणच मुक्त आज्ञावलीवर नेलं.

शिकायला यंत्राची ताकद किती लागते, याचंही एक उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात म्हणून वस्ती आहे. २००७ साली तिथल्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाच्या हाती एक हिरवा-पांढरा लॅपटॉप आला. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा तो भारतातला पहिला प्रयोग. त्या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि १ जीबी साठवण होती, आणि फेडोरा लिनक्सवर चालणारं शुगर नावाचं मुलांसाठीचं आवरण. आज आपण भंगार म्हणतो त्या संगणकात याच्या आठपट मेमरी असते. तरीही तो संगणक ‘हँग होतो’ अशी तक्रार येते, कारण मधल्या वर्षांत जड झालं ते इंटरनेटवरचं पान. बातमीचं एक पान उघडलं की जाहिराती, माग काढणाऱ्या आज्ञा आणि आपोआप चालणारी चित्रफीत एवढं सगळं ओझं मेमरीत येऊन बसतं.

हे लक्षात आलं की अर्धं काम झालं. लिनक्स हलकं आहेच, पण त्यावर जड पानं चालवली तर त्याचा उपयोग नाही. कियोस्क हलका करायचा तर आतला मजकूर हलका हवा, आणि तो शक्यतो त्या यंत्रातच साठवलेला हवा.

*

आता यंत्र निवडू. सरकारी कार्यालयं, शाळा आणि सायबर कॅफे यांतून बाहेर पडलेल्या संगणकांत इंटेल कोअर २ ड्युओ किंवा त्याच पिढीतले पेंटियम ड्युअल-कोअर भरपूर सापडतात. कोअर २ ड्युओ २००६ साली आला. हे प्रोसेसर ६४-बिटचे आहेत. त्यांवर पूर्वी ३२-बिटचं विंडोज घातलेलं असायचं, म्हणून लोक त्यांना ३२-बिटचे समजतात आणि शोधून शोधून लिनक्सची जुनी वितरणं घालतात. तसं करू नये. मेमरी २ जीबी असेल तर पुरे, ४ जीबी असेल तर उत्तम.

खरोखर ३२-बिटची यंत्रं म्हणजे सुरुवातीचे पेंटियम ४ आणि २००८ च्या सुमारास आलेले ॲटम एन२७० चे छोटे नेटबुक. त्यांची वाट अरुंद होत चालली आहे. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेलं डेबियन १३ हे लिनक्स वितरण अशा यंत्रांवर बसवता येत नाही. ३२-बिट लिनक्ससाठीचं फायरफॉक्सही १४४ या आवृत्तीवर थांबलं. ग्रीसमधून चालणारं अँटिएक्स, ऑस्ट्रेलियात बॅरी कॉलर यांनी सुरू केलेलं पपी, किंवा काही एमबींत मावणारं टायनी कोअर अशा हलक्या वितरणांनी ही बाजू बराच काळ सांभाळली. पण सार्वजनिक जागी, अनोळखी हातांत द्यायचं यंत्र असेल तर सुरक्षा-सुधारणा थांबलेला ब्राउझर त्यावर ठेवू नये. असं यंत्र फक्त जाळ्याबाहेरच्या वाचनासाठी ठेवावं.

पेंटियम ४ च्या बाबतीत वीजही पाहायला हवी. ते यंत्र आणि काचेच्या नळीचा जुना मॉनिटर मिळून दीडशे वॅट धरले, तर दिवसाच्या आठ तासांना १.२ युनिट जातात, महिन्याला छत्तीसच्या आसपास. मॉनिटर सपाट पडद्याचा घेतला तर बरीच वीज वाचते. एवढी वीज खाणारं यंत्र वाचवण्यात मला अर्थ वाटत नाही. त्याची केबिनेट, कीबोर्ड, माउस घ्यावेत आणि बाकीचं अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावं.

यंत्र उघडल्यावर आधी धूळ. ब्लोअरने पंखा आणि हीटसिंक साफ करायचं, वाळून खडी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे. दुरुस्तीच्या दुकानातला पोऱ्याही हे पहिलं करतो, आणि ‘मेलेले’ कितीतरी संगणक एवढ्यानेच उठतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगले आहेत का ते पाहायचं. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटर खपले होते, त्यामुळे त्या काळातले बोर्ड अचानक दगा देतात. जुनी हार्डडिस्क काढून तिथे साधी १२० जीबीची एसएसडी टाकावी. या सगळ्या खटाटोपात नवा पैसा घालावा असं एकच ठिकाण असेल तर ते हे. पाच मिनिटांत सुरू होणारा संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होतो, आणि फिरणारी तबकडी नसल्याने धक्क्याने बिघडतही नाही.

आणि ती नाण्याएवढी बॅटरी. सीआर२०३२ नावाची ही बॅटरी घड्याळाच्या दुकानात मिळते. संगणक बंद असताना तारीख-वेळ लक्षात ठेवणं हे तिचं काम. ती मेली की संगणक प्रत्येक वेळी कुठल्या तरी जुन्या वर्षात जागा होतो. मग प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू न झालेलं’ वाटतं, ब्राउझर लाल इशारा देतो, आणि समोरचा माणूस म्हणतो, इंटरनेट बिघडलं. तंत्रज्ञ येतो, केबल तपासतो, राउटर बदलायला सांगतो. मूळ दोष मात्र त्या बॅटरीत.

*

आज्ञावलीचं काम त्या मानाने सरळ आहे. डेबियन १३ ची छोटी स्थापना-फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची. बसवताना ‘कोणतं डेस्कटॉप हवं’ या प्रश्नाला ‘कोणतंच नको’ असं उत्तर द्यायचं, सगळ्या खुणा काढून टाकायच्या. मग हाताने तीनच गोष्टी घालायच्या: पडद्यावर चित्र काढणारा एक्स सर्व्हर, ओपनबॉक्स हा चिमुकला खिडकी-व्यवस्थापक, आणि फायरफॉक्सची दीर्घ-आधाराची आवृत्ती. स्टार्ट मेनू, टास्कबार, कचराटोपली यांतलं काही नाही. एवढी व्यवस्था सुरू होऊन स्थिरावली की मेमरीचा छोटासा भागच व्यापते, बाकी सगळी ब्राउझरला मोकळी.

‘वाचक’ नावाचं एक खातं करायचं, त्याला प्रशासकाचे कोणतेही अधिकार द्यायचे नाहीत. यंत्र सुरू झालं की हे खातं आपोआप आत जाईल आणि फायरफॉक्स कियोस्क पद्धतीने पडदाभर उघडेल, असं लिहून ठेवायचं. ही सोय फायरफॉक्समध्ये २०१९ च्या अखेरीपासून आहे. पत्त्याची पट्टी नाही, बंद करायचं बटण नाही. कुणी कीबोर्डवरून ब्राउझर बंद केलाच तर तो पुन्हा उघडेल अशी चार ओळींची आज्ञा मागे फिरत ठेवायची. प्रत्येक वेळी उघडताना ब्राउझरचं खातं कोऱ्या नमुन्यावरून नव्याने तयार व्हावं, म्हणजे आधीच्या माणसाचं काहीच उरत नाही. धोरणांची एक फाइल असते, तिच्यात सगळे पत्ते बंद करून मोजके तेवढे उघडे ठेवता येतात. पडदा आपोआप काळा होणं थांबवायचं. कंट्रोल-आल्ट धरून मागच्या काळ्या पडद्यावर जाण्याची वाटही बंद करायची. शाळेतली मुलं ती वाट पहिल्या आठवड्यात शोधून काढतात. १९९९ साली दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवणाऱ्या सुगत मित्रा यांच्या प्रयोगातून मुलांचं असंच कुतूहल दिसलं होतं, आणि पुढे तसे भिंतीतले संगणक आपल्या सिंधुदुर्गातही बसवले गेले. मुलांच्या या कुतूहलाला कुलूप घालताना मला वाईट वाटतं, म्हणून शाळेत दुसरा एक उघडा संगणक मोडतोडीसाठी वेगळा असावा, असा माझा आग्रह आहे.

विजेच्या बाबतीत दोन सेटिंगं महत्त्वाची. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगांत, ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ हा पर्याय असतो, तो चालू करायचा. दुसरं, मूळ डिस्क फक्त-वाचनाची करायची. लिनक्सच्या गाभ्यात २०१४ पासून ओव्हरले नावाची सोय आहे. मूळ फाइली जशाच्या तशा राहतात आणि वर जे काही लिहिलं जातं ते मेमरीत तात्पुरतं राहतं. यंत्र बंद झालं की ते पुसलं जातं. त्यामुळे वीज मधेच गेली, कुणी प्लग उपटला, तरी डिस्क खराब होत नाही. ज्या गावात वीज सांगून जात नाही तिथे यूपीएसपेक्षा याचा उपयोग जास्त. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत बसते आणि ती बदलायला पैसे कुणी मंजूर करत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या यंत्रावर आधार क्रमांक, बँकेचा पासवर्ड, ओटीपी, ईमेल यांतलं काहीही टाकायची सोय ठेवू नये. खातं उघडून वापरायचं प्रत्येक संकेतस्थळ बंद असावं. सार्वजनिक कीबोर्डवर कोण काय जोडून ठेवेल सांगता येत नाही, आणि ज्याची फसवणूक होईल तो माणूस पुन्हा त्या पडद्यासमोर येणार नाही.

*

आतला मजकूर हा या सगळ्याचा गाभा. किविक्स नावाची मुक्त आज्ञावली २००७ पासून आहे. ती विकिपीडियासारखा आख्खा विश्वकोश एका दाबलेल्या फाइलमध्ये साठवते आणि इंटरनेटशिवाय दाखवते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तेलुगू त्याच वर्षाच्या डिसेंबरात. दोन्ही त्या १२० जीबीच्या एसएसडीवर आरामात मावतात. शेजारी बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि तेलंगणच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची पाठ्यपुस्तकं ठेवावीत. या भागात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, त्यांतली मुलं पुढे तेलुगूत किंवा इंग्रजीत शिकतात. दोन्हींतला त्याच विषयावरचा धडा शेजारी-शेजारी उघडता आला तर त्या मुलांची केवढी सोय होईल! नुसत्या सांगण्यानेही मला उत्साह येतो.

किविक्सचा सर्व्हर याच यंत्रावर चालवता येतो, आणि कुठलाही जुना वायफाय राउटर त्याला जोडता येतो. मग व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुलांच्या फोनवरही हाच विश्वकोश उघडतो, एक पैशाचाही डेटा न जाता. वारणेत फोनने कियोस्कची जागा घेतली. इथे जुना संगणक फोनांना पुरवठा करू शकतो. एकच काम, पण पडदे अनेक.

लिपीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण बहुतेक कियोस्क इथे ढिसाळ असतात. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीतल्यापेक्षा वेगळी आहेत. ‘दुसऱ्या’मधला आडवा र अनेक फाँट नीट काढत नाहीत. रेड हॅटने २००४ साली लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त केले. ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले होते, आणि डेबियनमध्ये त्यांचा मराठीसाठी वेगळा संच मिळतो. पानाच्या मूळ लिखाणात ‘भाषा: मराठी’ एवढं नमूद केलं की फाँट योग्य वळणं निवडतो. टंकनासाठी इनस्क्रिप्ट, ध्वनीप्रमाणे चालणारी कगप मांडणी आणि तेलुगू इनस्क्रिप्ट, अशा तिन्ही मांडण्या एका कळीवर बदलता याव्यात. शोधाच्या चौकटीत मुलाला ‘कापूस’ लिहिता आलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

आणि गोंडी. या मुलखात तिच्याशिवाय मांडलेला कियोस्क अपुरा आहे. १९४० साली जोडेघाटला गोंडांच्या उठावाचा नेता कुमुरम भीम मारला गेला, आणि त्या उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना इथल्या गोंडांच्या अभ्यासासाठी आणलं. त्यांनी मारलवाईत गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र सुरू केलं, आणि तिथली गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत होती. पुढे याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावात गोंडीच्या स्वतःच्या लिपीतली हस्तलिखितं उजेडात आली. त्या लिपीला ‘गुंजाळा गोंडी’ याच नावाने जून २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. त्याआधी वर्षभर बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मासाराम यांची गोंडी लिपी आली होती. दोन्हींसाठी नोटो कुटुंबातले मुक्त फाँट आहेत. म्हणजे वांकिडीतल्या भंगारातल्या संगणकावर आज गुंजाळा लिपीतलं पान स्वच्छ दिसू शकतं. ते दाखवायला नवा प्रोसेसर लागत नाही. लागतो तो मजकूर: गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी, शिक्षकांनी टाइप केलेली चार पानं, शेतीतल्या शब्दांची गोंडी-मराठी-तेलुगू यादी. साधी एचटीएमएल पानं, चित्रं लहान केलेली. या कियोस्कची खरी मेहनत इथे आहे, आणि ती गावातच होऊ शकते.

*

राहिलं सांभाळणं. यंत्र मांडणारा माणूस शहरातून येतो, उद्घाटन होतं, तो जातो. गावात उरतो तो पडदा आणि ज्याच्याकडे पासवर्ड नाही असा मुख्याध्यापक. म्हणून मांडणी करताना गावातले किमान दोघे जण सुरुवातीपासून सोबत हवेत: एक शिक्षक आणि एक मोबाइल दुरुस्तीवाला. मोबाइल दुरुस्तीवाला मुद्दाम सांगतोय. त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हर असतो, सोल्डरिंगचा हात असतो, आणि तो गाव सोडून जात नाही. प्रशासकाचा पासवर्ड बंद पाकिटात शाळेच्या दप्तरी असावा. केलेली प्रत्येक आज्ञा वहीत मराठीत आणि तेलुगूत लिहिलेली असावी, यंत्राच्या आत नव्हे.

आणखी एक युक्ती फार उपयोगी पडते. सारख्याच जातीचे दोन संगणक मिळवावेत. एक चालवायचा, दुसरा सुट्या भागांसाठी. कियोस्क पूर्ण तयार झाला की क्लोनझिलासारख्या मुक्त आज्ञावलीने त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या एसएसडीवर काढून ठेवायची. बिघाड झाला तर निदान करत बसायचं नाही. झाकण उघडायचं, जुनी एसएसडी काढायची, प्रत लावायची. विज्ञानाच्या तासाला आठवीच्या मुलींना हे एकदा दाखवलं की त्यांना येतं.

वर्षातून दोनदा, शाळा सुरू होताना जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत, फक्त-वाचनाचं कुलूप उघडून डेबियनच्या सुधारणा घ्यायच्या, किविक्सच्या नव्या फाइली उतरवायच्या आणि प्रतही नव्याने काढायची. मधल्या काळात गंभीर सुरक्षा-सुधारणा आली तर तेवढ्यापुरतं पुन्हा. विश्वकोशाच्या मोठ्या फाइली उतरवायला गावातलं जाळं अपुरं पडलं, तर त्या आसिफाबादेत किंवा राजुऱ्यात पेनड्राइव्हवर घेऊन आणायच्या. एसटी आणि तेलंगणची आरटीसी, कुठल्याही बसने त्या वांकिडीत पोचतात.